धन चिन्ह एकटे नसते

कुंभार पिंपळगावच्या एका शिक्षकांनी आम्हांला विचारले आहे: उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो, मग वाहनांच्या ट्यूबांचे ब्यूटाइल रबर उणे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास का बनवतात? सोबत एका मार्गदर्शिकेतील धनायनी बहुवारिकीकरणाची आकृती जोडली आहे. प्रश्न उत्तम; आकृती मात्र अपुरी. तिच्यावरून उत्तर सापडणार नाही.

आकृतीत साखळीच्या टोकाशी अधिक चिन्ह निश्चिंत बसले आहे आणि आयसोब्यूटिलीनचे रेणू रांगेने येऊन त्याला चिकटत आहेत. प्रत्यक्षात हे टोक फार चंचल. शेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन ते दुसऱ्या रेणूला देऊन टाकते. साखळी तिथेच संपते, नवी सुरू होते. या पळवाटेला वाढीपेक्षा अधिक सक्रियण ऊर्जा लागते. म्हणून थंडीत पळवाट जास्त मंदावते, वाढ त्यामानाने कमी, आणि साखळ्या लांब होतात. रबराला लांब साखळ्याच हव्यात.

दुसरी उणीव गंभीर आहे: ऋणायन गायब! आधी भार शून्य, नंतर अधिक एक, ही चूक नववीचा विद्यार्थीही पकडेल. मँचेस्टरच्या पोलान्यी व सहकाऱ्यांनी १९४६ साली दाखवले, की कोरड्या आयसोब्यूटिलीनवर बोरॉन ट्रायफ्लुओराइडचे एकट्याचे काही चालत नाही. पाण्याचा अंश लागतो. पाणी प्रोटॉन देते, उरलेला भाग ऋणायन होऊन साखळीच्या सोबतीला राहतो.

येथे वरच्या वर्गांची काही पुस्तकेही घसरतात. मुक्त आयन जोडीतल्या आयनापेक्षा कैक पटींनी क्रियाशील, हे विधान ऋणायनी बहुवारिकीकरणातून उचलून इकडे चिकटवलेले दिसते. हर्बर्ट मायर यांच्या मोजमापांत कार्बोधनायनाचा अल्कीनशी संयोग होण्याचा वेग सोबतचा ऋणायन बदलून फारसा बदलला नाही. ऋणायनाचा प्रभाव मुख्यतः निराळा: एका वेळी किती टोके जागी राहतील, हे तो ठरवतो. हॅलाइड टोकाला परत जोडले गेले की टोक झोपते, सुटले की जागे होते. या झोप-जागेचा उपयोग करून क्योटोच्या हिगाशिमुरा व सावामोतो यांनी १९८४ साली हायड्रोजन आयोडाइड आणि आयोडीन वापरून व्हायनिल ईथरच्या साखळ्या एकसारख्या वाढवल्या. आयसोब्यूटिलीनबाबत ते १९८६ साली ॲक्रनच्या फाउस्ट व केनेडी यांनी साधले. केनेडींबरोबर पूर्वी काम केलेले स्वामिनाथन शिवराम २००२ ते २०१० या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

फळ्यावर अधिकच्या शेजारी उणे काढावे, दोघांमध्ये दोन उलट दिशांचे बाण, आणि बाजूला निसटणारा प्रोटॉन. एवढ्याला खडूचा एक तुकडा पुरतो.