आभार आणि शाप

व्हिओलेता पार्राचं एकच गाणं जगभर पोचलं: 'ग्रासियास आ ला विदा', म्हणजे आयुष्याचे आभार. १९७१ साली अर्जेंटिनाच्या मर्सेडिस सोसाने ते गायलं, १९७४ मध्ये जोन बाएझने आपल्या अल्बमलाच ते नाव दिलं. या लोकप्रियतेबद्दल तक्रार नाही. पण हे गाणं आपण त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडून ऐकतो, याबद्दल जरूर आहे. ज्या तबकडीत ते आहे, त्या १९६६ सालच्या 'लास उल्तिमास कोंपोसिसिओनेस'मध्ये 'माल्दिगो देल आल्तो सिएलो' हेही गाणं आहे. त्यात बाई आकाशापासून सुरुवात करून दिसेल त्याला शाप देत सुटते.

दोन्ही गाण्यांची बांधणी पाहिली की गंमत कळते. दोन्ही याद्या आहेत. एकात डोळे, कान, अक्षरं, चालणारे पाय, हसू आणि रडू अशी मिळकत मोजली आहे. दुसऱ्यात आंदीज पर्वत, वसंत ऋतू, झेंडा असं एकेक घेऊन मोडीत काढलं आहे, आणि प्रत्येक कडवं फिरून स्वतःच्या दुःखापाशी येतं. एकीचा हिशेब दुसरीशिवाय पुरा होत नाही. नुसत्या आभारांना भाबडं म्हणता येईल, नुसत्या शापाला त्रागा. शेजारी ठेवले की दोन्ही आरोप गळून पडतात.

ही यादीची रीत तिने कुठून आणली? चिलेच्या दक्षिणेकडच्या खेड्यांतून. १९१७ सालचा जन्म, वडील संगीतशिक्षक, आई शिवणकाम करणारी आणि जुनी गाणी जाणणारी. तरुणपणी ती सान्तियागोच्या गुत्त्यांत आणि उपाहारगृहांत लोकप्रिय चालीची गाणी गात असे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला थोरला भाऊ, कवी निकानोर पार्रा, याने तिला गावोगावच्या गाण्यांकडे वळवलं, आणि ती म्हाताऱ्या गायकांची दारं ठोठावत हिंडू लागली. बार्रांकासमधली रोसा लोर्का त्यांतलीच एक. ही बाई सुईण होती, गाणारी होती, आणि मेलेल्या तान्ह्या मुलांना देवदूतासारखं सजवून बसवण्याचं कामही तीच करी. त्या मुलांसमोर रात्रभर गायचं, आणि आईने रडायचं नाही, कारण अश्रूंनी बाळाचे पंख भिजतात, अशी तिकडची समजूत.

१९५५ साली व्हिओलेता युरोपात गेली असताना तिची तान्ही मुलगी रोसिता क्लारा मागे चिलेत वारली. जी गाणी ती दुसऱ्यांच्या घरी बसून टिपून घेत होती, ती आता तिच्या स्वतःच्या घरची झाली. शेवटच्या तबकडीतलं 'रिन देल आंखेलितो' याच परंपरेतलं आहे. मात्र ते ऐकताना चरित्राची चावी फिरवायची गरज पडत नाही. दुःख तिने आधीच एका जुन्या, अनेकांच्या वापरातल्या साच्यात ओतलं आहे.

मराठी वाचकाला इथे जात्यावरची ओवी आठवेल. साने गुरुजींनी, पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी ओव्या जमवल्या. पण आपल्याकडे जमवणारा वहीच्या एका बाजूला आणि दळणारी दुसऱ्या बाजूला राहिली. व्हिओलेताने वही मिटली आणि स्वतः दळायला बसली. संग्राहक म्हणून तिच्या पद्धतीत उणिवा काढता येतील, पण तिच्या रचनांचं बळ याच ओलांडण्यात आहे.

सुरेलपणाच्या अपेक्षेने गेलात तर निराशा होईल. आवाज कोरडा, जवळजवळ बोलका. 'ग्रासियास'च्या मूळ ध्वनिमुद्रणात चारांगो हे छोटं तंतुवाद्य एकच ठेका धरून राहतं आणि शेवटाकडे काहीही फुगत नाही. सोसाचा भरदार आवाज या गाण्याला प्रार्थना करतो. तो मला आवडतो, पण मूळ गाणं प्रार्थनेपेक्षा पावतीसारखं आहे: मिळालं, नोंद केली, सही.

याच तबकडीतलं 'रुन रुन से फुए पाल नोर्ते' हे उत्तरेला निघून गेलेल्या प्रियकराचं गाणं आहे. तो प्रियकर म्हणजे स्विस वादक जिल्बेर फाव्र. १९६४ साली पॅरिसच्या लूव्र इमारतीत, सजावटकलेच्या संग्रहालयात, तिने भरतकाम केलेल्या तागाच्या पटांचं प्रदर्शन भरलं होतं. मायदेशी परतल्यावर तिने सान्तियागोच्या कडेला ला रेइनामध्ये लोकसंगीतासाठी मोठा तंबू उभारला. शहरापासून लांब, आणि हिवाळ्यात पाऊस. माणसं फारशी येईनात.

स्पॅनिशमध्ये 'उल्तिमास'चे दोन अर्थ होतात: नवीनतम आणि अखेरची. तबकडीला नाव देताना तिच्या मनात कोणता होता, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ५ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याच तंबूत तिने स्वतःला संपवलं. त्यामुळे आता सगळे दुसराच अर्थ वाचतात आणि 'ग्रासियास'ला निरोपाचं पत्र ठरवतात. मी तसं ऐकत नाही. ती तबकडी लावतो तेव्हा 'माल्दिगो' न वगळता ऐकतो, आणि त्या गाण्याची चाल इतकी तरतरीत आहे की शाप देणारी बाई थकलेली मुळीच वाटत नाही.