कॅलिफोर्नियाचा पर्यावरण-गुणवत्ता कायदा : छाननी आणि सूट

एखादा प्रकल्प हाती घेण्यापूर्वी त्याच्या परिणामांचा विचार व्हावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु तो विचार कोणी करावा, कोणासमोर करावा आणि तो पुरेसा झाला की नाही हे कोणी ठरवावे, हे प्रश्न विवाद्य राहतात. कॅलिफोर्निया राज्याचा १९७० चा पर्यावरण-गुणवत्ता कायदा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हा कायदा स्वतः कोणत्याही प्रकल्पास परवानगी देत नाही व नाकारीतही नाही. परवानगी देणाऱ्या शासनसंस्थेवर तो विचार करण्याचे बंधन घालतो. परिणाम लक्षणीय नसतील तर तशी घोषणा पुरते. ते संभवत असतील तर सविस्तर अहवाल तयार करावा लागतो. त्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो व आक्षेपांना लेखी उत्तरे द्यावी लागतात. हानी टाळता येत नसूनही संस्थेस प्रकल्प मंजूर करावयाचा असेल, तर त्याचे लाभ अधिक का मानले, हे तिला लिहून ठेवावे लागते. सत्तेने आपली कारणे उघड सांगावीत, हेच या कायद्याचे सार होय.

त्याची व्याप्ती मात्र न्यायालयांनी वाढविली. मॅमथ येथील खाजगी बांधकामाच्या वादात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये असा निर्णय दिला की, ज्या खाजगी कामास सरकारी परवानगी लागते त्यासही हा कायदा लागू आहे. विधिमंडळाने त्याच वर्षी दुरुस्ती करून ही भूमिका स्वीकारली. पुढे १९७४ मध्ये लॉस एंजेलिसमधील तेलविहिरींच्या प्रकरणात, लक्षणीय परिणामाविषयी सयुक्तिक युक्तिवाद संभवत असल्यास अहवाल आवश्यक आहे, असे ठरले.

येथेच कायद्याचे वैगुण्य प्रकट होते. त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र यंत्रणा नाही. तो भार मुख्यत्वे दावा लावणाऱ्यांवर आहे. परिणामी अहवाल नागरिकाने वाचावा म्हणून नव्हे, तर न्यायालयात टिकावा म्हणून लिहिला जाण्याचा धोका उत्पन्न होतो. शिवाय, वादीचा हेतू निसर्गरक्षणाचाच असेल असे नाही. बर्कली येथील पीपल्स पार्कवरील विद्यार्थिनिवासाच्या प्रकरणात अपील न्यायालयाने २०२३ मध्ये रहिवासी विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचाही विचार अहवालात व्हावयास हवा होता, असे म्हटले. त्याच वर्षी विधिमंडळाने असा गोंगाट पर्यावरणीय परिणाम मानू नये असा कायदा केला व २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

अशा अनुभवांतून सुधारणेची मागणी उद्भवली, हे स्वाभाविकच होते. परंतु ३० जून २०२५ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी स्वाक्षरी केलेल्या दोन विधेयकांनी जो मार्ग पत्करला तो सर्वस्वी समर्थनीय नाही. शहरांतर्गत, २० एकरांपर्यंतच्या जागेवरील गृहबांधणीस काही अटींवर दिलेली सूट समजण्यासारखी आहे : घरे शहरात झाली तर लोकांचा प्रवास व मोकळ्या जमिनीवरील आक्रमण, दोन्ही कमी होतात. औद्योगिक क्षेत्रातील प्रगत वस्तुनिर्माणास दिलेल्या सुटीस मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही. नव्या प्रक्रियांतील रसायने व त्यांचे अवशेष यांविषयी शेजारच्या वस्तीस आधी काहीच ठाऊक नसते. विचारणेची गरज तेथेच सर्वाधिक असते. शिवाय ही विधेयके अंदाजपत्रकाशी जोडून संमत झाली. जाहीर विचारविनिमय हाच ज्या कायद्याचा प्राण, त्यात इतका मोठा बदल इतक्या घाईने व्हावा, यातील विसंगती दुर्लक्षणीय नाही.

विलंब आणि विचारणा या दोन वस्तू भिन्न आहेत. सूट दिल्याने दोन्ही एकदमच नाहीशा होतात. विलंब तेवढा कमी करणे अशक्य नाही, हे विधिमंडळानेच दाखविले आहे : २०२३ मध्ये काही पायाभूत प्रकल्पांवरील दावे शक्यतो २७० दिवसांत निकाली काढावेत, अशी तरतूद त्याने केली. तिचा विस्तार करणे अवघड होते, कारण त्यासाठी न्यायालयांस पुरेसे मनुष्यबळ द्यावे लागले असते. सूट देण्यास तसा खर्च येत नाही. तिची किंमत पुढे, अहवालाविना उभ्या राहिलेल्या कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना द्यावी लागण्याचा संभव आहे.