चुकलेलं भोक

ओझरच्या एचएएलमध्ये बाबांची एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी रिवेटिंगमध्ये. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यासोबत बसून मी 'हवाईजादा' पुन्हा पाहिला. शिवकर बापूजी तळपदे यांच्यावरचा हा २०१५चा हिंदी सिनेमा. दिग्दर्शक विभू पुरी, तळपद्यांच्या भूमिकेत आयुष्मान खुराना. सिनेमा संपल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "या माणसाचं एकही भोक चुकलं नाही?"

सिनेमाबद्दलची माझी तक्रार मला इतके दिवस नीट मांडता येत नव्हती. ती त्यांनी एका वाक्यात संपवली. पत्र्यातलं रिवेट चुकलं की ते ड्रिल करून काढावं लागतं. काढताना भोक थोडं मोठं होतं, मग त्यात पुढच्या मापाचं रिवेट घालायचं. तेही बिघडलं आणि भोक पत्र्याच्या कडेला फार जवळ गेलं, तर तो भाग बाद. विमान बांधणं म्हणजे बराचसा वेळ हेच. सिनेमात अडचणी भरपूर आहेत, पण सगळ्या बाहेरून येतात: इंग्रज, पैसा, प्रेम. नायकाच्या हातून काहीच बिघडत नाही. कंटाळून तो चार महिने विमानाकडे फिरकलाच नाही, असंही कुठे होत नाही.

तळपद्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात. त्याचा भरवशाचा समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा या गोष्टीशी संबंध जोडतात, ते तपासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली निष्कर्ष काढला, की हा ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली यंत्रं उडण्याजोगी नाहीत. हा वाद जुना आहे, मी त्यात शिरत नाही. मला खटकतं ते वेगळं. कुठलंही खरं विमान आपल्यामागे ढीगभर कचरा सोडतं: रद्द केलेली रेखाटनं, मोडके भाग, बिलं, वैतागलेली पत्रं. तळपद्यांच्या दंतकथेत नुसतं उड्डाण आहे, कचरा नाही.

राइट बंधूंकडे तो आहे, म्हणून त्यांची गोष्ट वाचवते. १९०१चा त्यांचा किटी हॉकचा मोसम फसला, ग्लायडरला हिशेबाप्रमाणे उचल मिळेना. परत आल्यावर त्यांनी उडणं बाजूला ठेवलं आणि सायकलच्या दुकानात लाकडी खोक्याचा वायुबोगदा करून पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासत बसले. पूर्वीपासून सगळे वापरत आलेला हवेच्या दाबाचा गुणकच चुकीचा होता, ही त्यांची शंका तिथे पक्की झाली. १९०३ मध्ये प्रोपेलरच्या दांड्यांना तडे गेले. दुरुस्त करून आणल्या, पुन्हा गेले. ऑर्व्हिल नवीन दांड्यांसाठी डेटनला परतला. १४ डिसेंबरला विल्बरचा प्रयत्न आपटला आणि १७ला ऑर्व्हिल बारा सेकंद उडाला. शाळेच्या पुस्तकात आपण ते बारा सेकंद तेवढे वाचले.

कॅप्टन अमोल यादव यांचं विमान तर आपल्या डोळ्यांसमोरचं. जेट एअरवेजच्या या वैमानिकाने कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशिन, सगळं अरुंद जिन्यातून वर गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी ते सुटं करून क्रेनने खाली उतरवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने नोंदणी झाली (ही अक्षरं नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांची), आणि चाचणीचं उड्डाण धुळ्याला झालं ते २०२० साली. हे विमान खरं आहे, तरी आपण ते तळपद्यांच्याच साच्यात सांगतो: आधी गच्ची, मग मंत्र्यांसोबतचा फोटो, आणि मधली वर्षं 'अनेक अडचणींवर मात करून' या चार शब्दांत. लालफितीवर मात्र रकानेच्या रकाने. लालफीत होतीच. पण गच्चीवर पहिल्यांदा कुठला भाग पुन्हा करावा लागला, कोणत्या आठवड्यात काहीच झालं नाही, कोणता निर्णय नंतर फिरवला, हे मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही. यादवांनी वही ठेवली असेल तर ती छापावी, मी आगाऊ पैसे भरीन.

अमेरिकेत किट आणून घरी विमान बांधणारे सहसा अशी वही ठेवतात. बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी केला आहे हे उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र घेताना दाखवायचं असतं. व्हॅन्सच्या छोट्या विमानाला हजार-दीड हजार तास सहज लागतात, म्हणजे नोकरी सांभाळून कित्येक वर्षं. २०२३ साली त्याच कंपनीच्या लेझरने कापलेल्या काही भागांच्या भोकांना तडे जाताना दिसले आणि लोकांना बसवलेले भाग उपसून काढायची वेळ आली. अशा वह्या नीरस असतात. त्यातली एखादी ओळ मात्र थांबवते: काम बंद, मुलीचा ताप.

आता माझं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघांनी दोन मीटर पंखांचं बाल्सा लाकडाचं ग्लायडर करायला घेतलं. ते का राहिलं असं कुणी विचारलं की मी आजही सांगतो, पैसे संपले, प्लेसमेंट आली. खरं असं, की डाव्या पंखाला चिकटवताना पीळ बसला होता. तो तोडून पुन्हा करायचा होता. त्याऐवजी मी तीन महिने उड्डाणाची आकडेवारी दाखवणारं अ‍ॅप लिहिलं. अ‍ॅप छान झालं होतं. आकडेवारी द्यायला ग्लायडर नव्हतं.

राइटांचा वायुबोगदाही गावकऱ्यांना उडण्यापासूनची पळवाटच वाटली असती. माझं अ‍ॅप सगळ्यांना काम वाटलं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मी कोडची प्रत्येक दुरुस्ती तारखेसकट नोंदवणारा माणूस, पण त्या पंखाबद्दल मी एक ओळ लिहिली नाही.

तो पंख अजून माळ्यावर आहे. सिनेमानंतर बाबांनी तो खाली काढला, एका टोकाने डोळ्यासमोर धरून पाहिला आणि विचारलं, "हे तुला तेव्हा दिसलं होतं का?"

मी हो म्हणालो.