पडद्यावरचे नाव आणि गावाचे नाव : ज्यू वारसा, चित्रपटमहोत्सव आणि मराठी

एखाद्या समाजाचा वारसा चित्रपटमहोत्सवाच्या रूपाने साजरा करण्याची प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे १९८०च्या सुमारास ज्यू चित्रपटमहोत्सवाची सुरुवात झाली आणि पुढे अनेक शहरांनी हा नमुना स्वीकारला. अशा महोत्सवाकडे केवळ उत्सव म्हणून पाहणे अपुरे ठरते. काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने दाखवायचे आणि परिचयात काय सांगायचे, या तिन्ही निर्णयांतून त्या समाजाची एक प्रतिमा सिद्ध होते. या अर्थाने महोत्सव हे प्रातिनिधिक संकलनच होय. संकलनाला आपण जे प्रश्न विचारतो तेच त्यालाही विचारावयास हवेत.

भारतीय ज्यूंच्या संदर्भात असे एक संकलन सहज उपलब्ध आहे. डॅनी बेन-मोशे यांच्या ‘शालोम बॉलीवूड’ (२०१७) या माहितीपटाने सुलोचना, प्रमिला, नादिरा, डेव्हिड आदी कलावंतांची कथा एकत्र मांडली आणि ती विविध देशांतील ज्यू महोत्सवांत दाखवली गेली. विस्मृतीत गेलेली नावे परत मिळवून देणे हे या माहितीपटाचे निर्विवाद श्रेय आहे. पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्स पडद्यावर सुलोचना झाल्या आणि त्यांना १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला. मराठी प्रेक्षकाला याच नावाच्या दुसऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचे स्मरण अधिक असल्याने ही ओळख विशेष आवश्यक ठरते. एस्थर अब्राहम प्रमिला झाल्या, तर फ्लॉरेन्स इझिकेल नादिरा. कुलीन हिंदू-मुस्लिम घरांतील स्त्रियांना चित्रपटाची दारे बंद असण्याच्या काळात या स्त्रियांनी ती ओलांडली. त्या पडद्यावर आल्या, पण त्यांची मूळ नावे मात्र मागे राहिली.

डेव्हिड यांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. त्यांनी मूळ नाव बदलले नाही. गळाले ते आडनाव. ‘बूट पॉलिश’मधील (१९५४) जॉन चाचाची त्यांची भूमिका अविस्मरणीय ठरली. ‘बातों बातों में’मध्येही (१९७९) त्यांच्या वाट्याला ख्रिस्ती पात्रच आले. ‘डेव्हिड’ एवढेच नाव आणि अशा भूमिका यांमुळे सर्वसामान्य प्रेक्षकाने त्यांना ख्रिस्ती समजावे, यात नवल नाही. उलट बिमल रॉय यांच्या ‘यहुदी’मध्ये (१९५८) एझ्रा या ज्यू जवाहिऱ्याची भूमिका सोहराब मोदी या पारशी नटाने केली आणि ती कथा घडते प्राचीन रोममध्ये. नटाने कोणतीही भूमिका करावी, हे त्याचे स्वातंत्र्यच होय. आक्षेप त्याला नाही. लक्षणीय आहे ते असे की, पडद्यावरचा ‘यहुदी’ दूरदेशीचा राहिला आणि आपल्यातला चेऊलकर ज्यू म्हणून दिसलाच नाही.

‘चेऊलकर’ या शब्दात चौल हे कोकणातील गाव आहे. ‘आलम आरा’शी (१९३१) लेखक म्हणून निगडित असलेले पारशी रंगभूमीचे नाटककार जोसेफ डेव्हिड यांच्या ‘पेणकर’ या आडनावात पेण आहे. दिवेकर, किहिमकर या आडनावांतही दिवे आणि किहीम बोलतात. अष्टागरात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या लोकांना गावाने ‘शनिवार तेली’ म्हटले. बेने इस्राएलांचा इतिहास असा मराठी नामव्यवस्थेतच कोरलेला आहे. म्हणून ‘डेव्हिड हे ज्यू होते’ एवढे सांगितल्याने नाव अर्धेच परत मिळते. उरलेले अर्धे मराठीत आहे.

या समाजाची दृश्यपरंपराही चित्रपटापेक्षा जुनी आहे. पेसाह सणाच्या विधीची ‘हगादा’ ही पोथी पुण्यात १८७४ मध्ये मराठी अनुवादासह सचित्र छापली गेली. तिच्यातील चित्रांत लुगडे नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी तयार करताना दिसतात. युरोपीय चित्रनमुना आणि मराठी घर यांचा तो संयोग तौलनिक अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. हिब्रू बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या घाटात सांगण्याची प्रथा त्याच शतकातील, तर इस्राएलमध्ये गेल्यावरही या समाजाने ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले.

जबलपूरसारख्या शहरात असा महोत्सव योजावयाचा झाल्यास प्रथमदर्शनी तो उपरा वाटेल, कारण बेने इस्राएलांची भूमी कोकणातली. परंतु ‘आन’ (१९५२) लावला तर चित्र पालटते. नादिरा यांना ख्याती देणाऱ्या या चित्रपटात जबलपूरचे प्रेमनाथ आहेत. शहरातील एम्पायर हे चित्रपटगृहही त्यांच्या मालकीचे होते. स्थानिक प्रेक्षक आपल्या माणसासाठी येईल आणि नादिरांपाशी थांबेल. इथल्या मराठी कुटुंबांना तर कोकणी आडनावांची उकल सांगावी लागणार नाही. वारशाचे ‘स्थानिक’ होणे ते हेच. समाज तिथे राहत असलाच पाहिजे असे नाही, त्याच्याकडे जाणारी वाट मात्र तिथून निघाली पाहिजे.

महोत्सवावर संशोधनाचे ओझे लादू नये, आनंदाचा प्रसंग आनंदाचाच राहू द्यावा, असे यावर म्हटले जाईल. मात्र येथे साहित्यच अपुरे आहे. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही आणि सुलोचनांचे बहुतेक मूकपटही हरवले आहेत. जे दाखवता येत नाही ते सांगावेच लागते, आणि ते सांगण्याची सामग्री हगादा, कीर्तने, नियतकालिके व आडनावे यांत आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या नोंदीने समाजाचे अस्तित्व मान्य झाले, त्याची भाषा मात्र त्यात येत नाही. समाज संख्येने अल्प होत असताना केवळ तारकांची छायाचित्रे मांडणारा महोत्सव त्याला मोहक, परंतु परका करून सोडेल. चित्रपटाच्या परिचयपत्रिकेत ‘डेव्हिड’ पुढे ‘चेऊलकर’ छापणे ही लहान गोष्ट आहे. तथापि वारसा साजरा करण्याचा आरंभ तेथूनच व्हावा.