बाटलीवरचं साल

जावईबापूंनी बुलढाण्यात बाटली आणली : अकलूजकडची ‘सेट्टे’. सेट्टे म्हणजे इटालियनमध्ये सात. आत टस्कनीचं सांजोवेझे द्राक्ष. घरात पेले स्टीलचे. चव जांभळासारखी तुरट, शेवट लांब. पण ठेचा-भाकरीपुढे बुजरी.

मला आवडला तो तिचा हंगाम. इटलीत थंडी वेलीला झोपवते आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. आपल्याकडे तेव्हा छाटणी! एप्रिलात खरडछाटणी, पाऊस सरल्यावर फळछाटणी, फेब्रुवारी-मार्चात तोडणी. ऋतू कात्रीनं शिकवायचे आणि बाटलीवर साल ऐटीत छापायचं.

आमचा दादा खामगावला कापूस नेतो. त्याचीही सालं नोंदली गेली आहेत, पण सातबाऱ्यावर. वाईन मला चढली नाही. तिथला बोजा मात्र चढलेला आहे.