ख्रिस्ती शास्त्रांतील खवळलेला समुद्र व मराठी भवसागर

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचें नांव मराठी वाचकांस अपरिचित राहिलेलें नाहीं. परंतु त्याची ओळख बहुधा मराठी भाषेच्या स्तुतिपर चारदोन ओव्यांपुरतीच असते. त्या ओव्या म्हणून दाखवावयाच्या, परदेशीय माणसानें आमच्या भाषेचा गौरव केला म्हणून समाधान मानावयाचें, आणि पोथी पुनः बासनांत बांधावयाची, असा प्रघात पडून गेला आहे. १०,९६२ ओव्यांच्या ग्रंथास हा न्याय नव्हे. प्रस्तुत लेखांत त्या ग्रंथाच्या अनुषंगानें एकाच प्रतीकाचा, म्हणजे खवळलेल्या समुद्राचा, विचार करावयाचा आहे. ख्रिस्ती शास्त्रांतील समुद्र आणि आमच्या संतवाङ्मयांतील समुद्र हे एक नव्हेत. पण ख्रिस्ती धर्म मराठींत बोलूं लागतांच पहिल्याच्या जागीं दुसरा येऊन बसला, आणि तो कोठें बसला हें पाहिल्यावांचून या वाङ्मयाचें मूल्य ठरवितां येत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम इब्री समुद्र पाहूं. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आरंभींच अंधाराखालीं अथांग जल पडलेलें आहे आणि सृष्टि त्यास बाजूस सारून होते. बाबिलोनी कथेंत मर्दुक हा तियामत नामक जलराक्षसीस मारून तिच्या देहाचें विश्व करितो. या कथेचा व इब्री शास्त्राचा संबंध हेर्मान गुंकेल या जर्मन पंडितानें इ. स. १८९५ मध्यें दाखविला. पुढें सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथें इ. स. १९२९ पासून मृत्तिकालेख सांपडूं लागले, त्यांत बआल व याम यांचें युद्ध आढळलें. आणि याम हा शब्द म्हणजेच इब्रींतील 'समुद्र' होय. इब्री शास्त्रकारांनीं या जुन्या युद्धांतील प्रतिपक्षी देवाचें देवपण काढून घेतलें, वैर मात्र ठेवलें. दानीएलाच्या स्वप्नांतील चार श्वापदें समुद्रांतूनच वर येतात. यशया दुर्जनास स्वस्थ न राहणाऱ्या, चिखल वर फेंकणाऱ्या समुद्राची उपमा देतो. ईयोबाच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत ईश्वर समुद्रास दारें व अडसर लावून येथवरच येण्याची आज्ञा करितो. ज्या लोकांचा किनारा बहुतेक काळ पलिष्टी व फिनीशियन यांच्या हातीं होता, त्यांस समुद्र आपला वाटण्याचें कारणहि नव्हतें. योना गलबतावर चढतो तो पळून जाण्यासाठीं!

आतां मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांतील प्रसंग घ्यावा. येशू शिष्यांसह होडींत बसून पलीकडे निघाला आहे, वादळ उठतें, होडींत पाणी भरतें, आणि तो मागील बाजूस उशीवर निजलेला आहे. शिष्य त्यास उठवितात. तो वाऱ्यास धमकावितो, समुद्रास गप्प बसवितो, आणि सर्व शांत होतें. हा 'समुद्र' वस्तुतः गालीलांतील गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर, रुंदी फार तर १३, व पृष्ठभाग सागरपातळीच्या सुमारें २१० मीटर खालीं. भोंवतालच्या उंचवट्यांवरून वारा एकाएकीं खालीं कोसळतो म्हणून तेथें वादळें अवचित होतात. लूक त्यास सरळ सरोवर म्हणतो. मार्क मात्र समुद्रच म्हणतो, आणि तसें म्हटल्यानें त्या लहानशा जलाशयांत सारी जुनी जलराक्षसी येऊन उभी राहते. समुद्रास गप्प करण्यासाठीं मार्कानें योजलेलें ग्रीक क्रियापद मूळचें जनावराच्या तोंडास मुसकी बांधण्याचें आहे. तेंच क्रियापद पहिल्या अध्यायांत येशू भूतबाधा झालेल्या माणसांतील पिशाचास उद्देशून वापरितो. म्हणजे मार्काच्या दृष्टीनें ही हवापाण्याची हकीकत नसून भूत उतरविण्याची हकीकत आहे. शिष्य शेवटीं अधिकच भितात, त्याचें कारण हेंच. पुढील आचार्यांनीं हा अर्थ मऊ केला. तर्तुल्यनास त्या होडींत ख्रिस्तमंडळी दिसली. ऑगस्तीनानें निजलेला ख्रिस्त म्हणजे माणसाच्या हृदयांत निजलेली श्रद्धा असें प्रवचन केलें. दोन्ही अर्थ सुंदर आहेत, परंतु त्यांत समुद्र हा वैरी उरत नाहीं, तो निमित्त होतो.

आमच्याकडे समुद्राशीं असें वैर नाहीं. पुराणांनीं तो घुसळला आणि त्यांतून चौदा रत्नें काढलीं. विष निघालें तेंहि त्याच बरोबर. संस्कृत कवि समुद्राची वाखाणणी करितात ती तो आपली वेळा ओलांडीत नाहीं म्हणून. ईयोबाच्या ग्रंथांत जी मर्यादा बाहेरून लादलेली आहे, ती येथें समुद्राचें स्वतःचें शील आहे. येशूच्या धमकीस जवळचा प्रसंग शोधावयाचा तर तो वाल्मीकीच्या युद्धकांडांतील होय. तीन रात्रीं वाट पाहून राम बाण जोडतो, तेव्हां सागर हात जोडून पुढें येतो. पण तेथेंहि सागर आपला स्वभाव सोडूं शकत नाहीं म्हणून सांगतो, नळाकरवीं सेतु बांधण्याचा उपाय सुचवितो, आणि प्रश्न अखेरीस ओलांडून जाण्याचाच राहतो. गीतेच्या बाराव्या अध्यायांत मृत्युसंसार हाच सागर झाला आहे व भगवान् त्यांतून वर काढणारे. त्या श्लोकावर ज्ञानदेवांनीं जो विस्तार केला तो नाविकाच्या धंद्याचा आहे: नामाच्या सहस्र नावा सजविल्या, एकट्या माणसांस ध्यानाच्या कासेस लाविलें, संसारी माणसांस तराफ्यावर घातलें, कोणाच्या पोटास प्रेमाची पेटी बांधली. वादळाचें येथें नांवहि नाहीं. पाणी वाईट नव्हे, खोल व रुंद आहे, आणि सर्व खटपट पैलतीराची आहे.

ही प्रतिमा ज्यांच्या कानांवर सातशें वर्षें पडत आली त्यांतील बहुतेकांनीं समुद्र पाहिलाच नव्हता, ही गोष्ट टीकाकार सहसा ध्यानांत घेत नाहींत. सोलापूरहून तुळजापुरास जाणाऱ्या वाटेवरील तामलवाडीसारखें गांव घ्या. बालाघाटाच्या या भागांत पाणी म्हणजे विहीर, ओढा किंवा तळें. पश्चिम समुद्र कित्येक दिवसांच्या वाटेवर. अशा गांवच्या कीर्तनांत भवसागर म्हटला कीं तो लाटांनीं नव्हे, 'तरणें' या क्रियापदानें समजतो. उलट ईयोबाच्या ग्रंथांतील कोंडलेला समुद्र समजावयाचा तर त्या श्रोत्यांस दूर जावें लागत नाहीं. याच तालुक्यांत नळदुर्गास बोरी नदी इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकीर्दींत बांध घालून अडविली आहे. बांधाच्या पोटांत पाणीमहाल आहे, आणि पावसाळ्यांत त्याच्या सज्जांत उभें राहिलें कीं डोक्यावरून पाणी कोसळत असतां माणूस कोरडा असतो. दार लाविलेलें पाणी म्हणजे काय, हें तेथें उभें राहिलेल्यास टीकेवांचून कळेल. योगायोग असा कीं हें बांधकाम व ख्रिस्तपुराण हीं दोन्हीं एकाच पिढीचीं.

स्टीफन्सनें मात्र समुद्र पुरता पाहिला होता. तो ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरास गोव्यास पोंचला, व १० नोव्हेंबरास त्यानें लंडनमधील आपल्या पित्यास लिहिलेलें पत्र पुढें हॅक्लुइटच्या संग्रहांत छापलें गेलें. सर्व खलाशी ज्याला भितात त्या केप ऑफ गुड होपपाशीं वादळ नव्हतें, लाटाच प्रचंड होत्या. सुकाणूवाल्यानें जहाज जमिनीच्या फार जवळ नेलें, वारा फिरला, आणि चौदा वांवांहून कमी पाण्यांत जहाज जाऊन सर्वांनीं आशा सोडली, असें तो त्यांत सांगतो. असा मनुष्य पुढें सासष्टींत चाळीस वर्षें काढतो आणि पुराण रचतो, तेव्हां मंगलाचरणांत परमेश्वरास काय म्हणतो? सर्व सुखांचा सागर! इब्री शास्त्रांत ईश्वर समुद्राचा स्वामी आहे, समुद्रास मुसकी बांधणारा आहे. तो स्वतः समुद्र आहे असें म्हणणें त्या शास्त्रकारांस सुचलें नसतें. हा सागर स्टीफन्सनें केपजवळून आणिला नाहीं, येथील नमनांतून, येथील श्रोत्यांकडून घेतला. पुराणाचा वेष मराठी आणि आत्मा परका, असें जें कित्येक म्हणतात त्यांनीं या एका शब्दापाशीं थांबावें. वेष अंगावर चढवितांना शरीराचें माप बदलल्याचें हें उदाहरण आहे. ज्या नवख्रिस्ती श्रोत्यांस जुन्या पुराणांच्या जागीं दुसरें कांहीं तरी वाचावयास हवें होतें, आणि ही मागणी ग्रंथाच्या आरंभींच एका ब्राह्मणाच्या तोंडीं घातलेली आहे, त्यांस केवळ दटावलेला समुद्र पुरला नसता.

याहूनहि दूरवर गेलेला पालट 'तारण' या शब्दांत आहे. येशू हें नांवच सोडविण्याच्या अर्थाचें. ग्रीक शुभवर्तमानांत त्यासाठीं जें क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ सुरक्षित करणें, धड राखणें. त्यांत पाण्याचा थेंबहि नाहीं. मराठींत मात्र तारणें, तारण, तारणारा हींच पदें रूढ झालीं, आणि प्रत्येकाच्या तळाशीं एक नदी किंवा सागर न सांगतां येऊन बसला. सेरामपूर येथें इ. स. १८०५ मध्यें मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत छापलें गेल्यापासून अनेक भाषांतरें झालीं. आज प्रचलित असलेल्या पाठांत मत्तयाच्या पहिल्या अध्यायांत, जेथें पापांची गोष्ट आहे व पाणी कोठेंच नाहीं, तेथें येशू लोकांस 'तारील'. आणि आठव्या अध्यायांत, जेथें होडी खरोखर बुडते आहे, तेथें शिष्य 'वाचवा' म्हणून ओरडतात. मुळांत दोन्ही ठिकाणीं क्रियापद एकच आहे. भाषांतरकारांस यासाठीं दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. 'तारणें' हें मराठींत इतकें पारमार्थिक झालें होतें कीं खऱ्या पाण्यांत तें चालेना. पण मार्क व मत्तय यांचा सारा भर होडीतील हांक आणि पापांतील सुटका एकच आहे यावर होता. तो दुवा मराठी वाचकाच्या हातून निसटला, आणि त्या बदल्यांत सबंध शुभवर्तमानावर भवसागराची छाया पडली. आमच्या मतें नफा तोट्याहून मोठा आहे, पण तोटा झाला हें म्हणावयास हवें.

प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायांत नवें आकाश व नवी पृथ्वी दिसते आणि समुद्र उरत नाहीं. जुन्या वैऱ्याचा तो शेवट. भवसागर असा नाहींसा होत नाहीं. एक भक्त पार गेला तरी मागील माणसांसाठीं तो तसाच पसरलेला असतो. परंतु ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायांत मायानदीचें दीर्घ रूपक आहे, त्याच्या अखेरीस एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे: जे सर्वभावें भजले त्यांचें मायाजळ अलीकडच्या कांठावरच आटलें. पोहणें नाहीं, नाव नाहीं, पैलतीर नाहीं; पाणीच नाहीं. योहानाच्या दृष्टान्ताशीं इतकें जवळ आलेलें दुसरें स्थळ आम्हांस मराठींत ठाऊक नाहीं. एका ठिकाणीं हें सर्व सृष्टीचें आणि युगान्तीं, दुसऱ्या ठिकाणीं एका माणसाचें आणि येथेंच, एवढें अंतर राहतें. पण तें थोडें नव्हे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक सूचना करावयाची आहे. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या मुद्रित प्रती उपलब्ध नाहींत. सालढाणा यांची मंगळूरची रोमन लिपीतील आवृत्ति १९०७ ची. देवनागरी पाठ विल्यम मार्सडेनच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्यालयांत गेला, त्याची वार्ता जस्टिन ॲबट यांनीं १९२३ मध्यें दिली, आणि त्यावरून कारिदाद द्रागो यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति १९९६ मध्यें मुंबईस निघाली. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज शब्द आहेत तेथें मार्सडेन पाठांत बहुधा संस्कृत शब्द येतात. यामुळें सुटीं पानें ओळखणें कठीण होतें. भवसागर, तारक, वैकुंठ, मोक्ष हे शब्द दिसले कीं पान वैष्णव म्हणून नोंदविलें जातें. त्याऐवजीं क्रियापद पाहावें. पाणी ओलांडलें जात असेल तर तें पान कोणाचेंहि असूं शकेल. पाण्यास कोणी धमकावीत असेल, आणि तो राम नसेल, तर तें पान बाजूस काढून ख्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागाशीं ताडून पाहावें.