'नाथवती अनाथवत्' : शाओली मित्र यांच्या एकल प्रयोगातील द्रौपदी

प्रास्ताविक

बंगाली रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेत्री, नाटककार आणि दिग्दर्शिका शाओली मित्र यांचे १६ जानेवारी २०२२ रोजी कोलकाता येथे निधन झाले. अंत्यदर्शनाचा सोहळा नको, पुष्पहार नकोत आणि अंत्यविधी पार पडल्यावरच वार्ता जाहीर व्हावी, अशी त्यांची इच्छा होती व ती पाळली गेली. त्यांचे वडील शंभू मित्र यांनीही १९९७ मध्ये असाच गाजावाजाविना निरोप घेतला होता. प्रेक्षकांसमोर संपूर्ण महाभारत एकटीने उभे करणाऱ्या या अभिनेत्रीची कीर्ती मुख्यतः एका प्रयोगावर उभी आहे. १९८३ मध्ये रंगमंचावर आलेला 'नाथवती अनाथवत्' हा तो प्रयोग होय. लेखन, दिग्दर्शन व अभिनय या तिन्ही बाजू त्यांच्याच होत्या.

या प्रयोगाविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. ही उणीव खटकणारी आहे, कारण प्रयोगाचे बीज मराठी आहे. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' या ग्रंथातील द्रौपदीविषयक चिंतनातून शाओली मित्र यांना या नाट्याची प्रेरणा मिळाली. 'युगान्त' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला, १९६८ चे साहित्य अकादमी पारितोषिक त्याला लाभले आणि १९६९ मध्ये स्वतः लेखिकेनेच तो इंग्रजीत नेला. डेक्कन कॉलेजातील एका मानववंशशास्त्रज्ञ विदुषीचा निबंध कोलकात्याच्या रंगमंचावर पोचतो आणि तेथे तो निबंध राहत नाही. या स्थित्यंतरात एका अभिनेत्रीने नेमके काय साधले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक नटी आणि अनेक भूमिका

एकल प्रयोगाची स्तुती करण्याची एक ठरावीक रीत आहे. एकाच व्यक्तीने किती पात्रे रंगविली, किती आवाज काढले, दुःशासनापासून द्रौपदीपर्यंतचे अंतर किती क्षणांत पार केले, याची मोजदाद केली जाते. शाओली मित्र यांच्या वाट्यालाही ही स्तुती भरपूर आली. ती असत्य नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि काही अंशी दिशाभूल करणारीही आहे. आवाज बदलण्याचे कौशल्य नकलाकाराजवळही असते. या प्रयोगाचे सामर्थ्य पात्रांच्या संख्येत शोधले तर हाती फार थोडे लागते.

मित्र यांना अभिनयाचा वारसा घरातूनच मिळाला होता. शंभू मित्र आणि तृप्ती मित्र हे 'बहुरूपी' या नाट्यसंस्थेचे आधारस्तंभ. १९४८ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी शाओली यांचा जन्म झाला. रवींद्रनाथांच्या 'डाकघर'मध्ये त्यांनी बालपणी अमलची भूमिका केली. आजारी अमल खिडकीपाशी बसून, प्रत्यक्ष न पाहिलेले डोंगर, वाटा आणि गावे केवळ बोलण्यातून डोळ्यांसमोर आणतो. रंगमंचावर नसलेली वस्तू शब्दांनी दाखविण्याचा पहिला धडा या भूमिकेत मिळाला असावा, असे मानण्यास जागा आहे. ऋत्विक घटक यांच्या 'युक्ती तक्को आर गप्पो' या चित्रपटातील बंगबाला ही त्यांची भूमिकाही चित्रपटरसिकांच्या स्मरणात आहे. आई तृप्ती मित्र यांनी नीतीश सेन यांच्या 'अपराजिता'चा एकल प्रयोग गाजविला होता. म्हणजे एकटीने रंगमंच पेलण्याची परंपराही घरचीच होती. मुलीने मात्र आईचा मार्ग गिरविला नाही. आधुनिक एकपात्री नाटकाकडे न वळता ती मागे, कथकतेकडे गेली.

कथकतेचा स्वीकार

कथकता म्हणजे बंगालमधील पुराणकथनाची जुनी रीत. कथकठाकूर रामायण, महाभारत, भागवत यांतील आख्यान सांगतो, मध्येच गातो, पात्रांचे संवाद त्यांच्या ढंगाने म्हणतो, श्रोत्यांना चिमटे काढतो आणि पुन्हा कथेकडे वळतो. मराठी वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही. नारदीय कीर्तनातील उत्तररंगाचे स्वरूप बरेचसे असेच असते. शाहिराला झीलकऱ्यांची असते तशी साथ येथेही आहे. रंगमंचावर गायक-वादकांचा संच असतो, कथेला तो सूर पुरवितो. म्हणूनच 'एकपात्री' हा मराठीत रूढ असलेला शब्द या प्रयोगाला तंतोतंत लागू पडत नाही. 'बटाट्याची चाळ' किंवा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' यांतील निवेदक आपल्या भोवतालच्या माणसांची गंमत सांगतो; 'व्हय, मी सावित्रीबाई'मध्ये सुषमा देशपांडे सावित्रीबाईंच्या मुखानेच बोलतात. 'नाथवती अनाथवत्'मधील स्त्री पहिल्यासारखी केवळ निवेदक नाही आणि दुसरीसारखी सर्वस्वी नायिकाही नाही. ती कथा सांगावयास आलेली कथक आहे. सांगता सांगता ती द्रौपदी होते आणि पुन्हा बाजूला होऊन द्रौपदीकडे पाहते.

कथकाचे आसन परंपरेने पुरुषाचे होते. समोरच्या श्रोत्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असत. द्रौपदीची विटंबना पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी पुरुषाच्या मुखातून ऐकली. शाओली मित्र त्या आसनावर स्वतः येतात. कथा तीच, प्रसंग तेच, परंतु सांगणाऱ्याचा कंठ बदलल्यामुळे संपूर्ण आख्यानाचा तोल बदलतो. युधिष्ठिराचे धर्मवचन, कर्णाचा उपहास, धृतराष्ट्राचे कचरणे हे सर्व आता एका स्त्रीच्या तोंडून येते आणि उच्चारतानाच त्याची पारख होते. वेगळ्या भाष्याची गरज पडत नाही. कथकतेच्या स्वीकारामागील खरा हेतू येथे दिसतो. लोककलेच्या जतनाच्या प्रेमापोटी केलेली ही निवड नव्हे. (त्या काळात भारतीय रंगभूमीवर लोकरूपांचा वापर पुष्कळ झाला आणि त्यातील बराचसा केवळ सजावटीपुरता राहिला.)

त्याच वर्षी त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव 'पंचम वैदिक' असे आहे. नाट्यशास्त्र नाट्याला पाचवा वेद म्हणते, तर महाभारतालाही परंपरेने हीच पदवी दिली आहे. या दोहोंना एकत्र आणणारी संहिता संस्थेच्या प्रारंभीच यावी, यात औचित्य होते.

शीर्षकातील विरोध

'नाथवती अनाथवत्' हे शब्द महाभारताच्या सभापर्वातून आलेले आहेत. दुःशासन द्रौपदीला केस धरून सभेत ओढून आणतो, त्या वर्णनात व्यासांनी वाऱ्याने झोडपलेल्या केळीची उपमा योजिली आहे आणि नाथ असूनही अनाथासारखी, असे तिच्याविषयी म्हटले आहे. पाच पती समोर बसलेले असताना तिला कोणी नाही, हा या शब्दांतील विरोध आहे.

ग्रंथात हा विरोध वाचकाला समजून घ्यावा लागतो. सर्व पात्रे असलेल्या नाटकातही तो दाखविणे कठीण आहे. पाच नट खाली मान घालून बसले, तरी ते बसलेले असतात. रंगमंच भरलेला असतो. एकल प्रयोगात मात्र शीर्षकाचा अर्थ प्रत्यक्ष दृश्य होतो. पती आहेत, कारण त्यांची नावे घेतली जातात, त्यांना हाका मारल्या जातात, त्यांची वाक्येही ऐकू येतात. परंतु जेथे त्यांनी असावयास हवे तेथे रिकामी जागा आहे. भीष्म, द्रोण, विदुर, शंभर कौरव यांनी भरलेली सभा आणि रंगमंचावर एकटी स्त्री! प्रयोगाचा आकृतिबंध आणि त्याचा आशय यांची अशी एकरूपता क्वचितच साधते. या नाट्याला एकच अभिनेत्री असणे ही काटकसर नव्हती, चमत्कृतीही नव्हती. अन्य कोणत्याही प्रकारे द्रौपदीचे एकटेपण इतके खरे झाले नसते.

याच सभेत द्रौपदी आपला प्रसिद्ध प्रश्न विचारते. स्वतःला आधी हरलेल्या पुरुषाला पत्नीला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? इरावतीबाईंनी या प्रश्नाविषयी अत्यंत कठोर मत दिले आहे. त्यांच्या मते असा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची घोडचूक होती. उत्तर काहीही आले असते तरी तिची सुटका नव्हती. कायद्याचा कीस काढण्याऐवजी तिने क्षात्रधर्माच्या नावाने सभ्यतेची आणि दयेची हाक द्यावयास हवी होती. 'युगान्त'चे वेगळेपण अशा निर्भीड विधानांत आहे. लेखिका द्रौपदीवर प्रेम करते, परंतु तिची बाजू मांडणारी वकील होत नाही.

रंगमंचावर मात्र हा निर्णय टिकून राहू शकत नाही. वाचताना प्रश्न तर्काच्या कसोटीवर घासता येतो. मोठ्याने उच्चारलेला प्रश्न नाट्यगृहात पसरतो आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांपाशी येऊन थांबतो. रंगमंचावर भीष्म नाहीत, द्रोण नाहीत; मग सभासद कोण? अंधारात गप्प बसलेले प्रेक्षकच. प्रश्न विचारणे शहाणपणाचे होते की नाही, हा मुद्दा त्या क्षणी गौण ठरतो आणि कोणीच उत्तर दिले नाही एवढेच उरते. निबंधाने जेथे द्रौपदीला दोष दिला, तेथे प्रयोगाने श्रोत्यांना आरोपीच्या जागी बसविले. एकाच मुद्द्यावर दोन थोर स्त्रियांचा हा मतभेद आहे आणि तो साहित्यप्रकारांच्या भेदातून उद्भवला आहे.

या स्थित्यंतरात काही हरवलेही आहे. इरावतीबाईंची द्रौपदी तापट आहे, सूडाची आठवण जागी ठेवणारी आहे, चुका करणारी आहे. त्यांची लेखणी करुणेकडे झुकते न झुकते तोच पुन्हा कोरडी होते. शाओली मित्र यांच्या आख्यानात सहानुभूतीचे पारडे अधिक जड आहे. कथकतेची रीतच श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणण्याची असल्यामुळे काही प्रमाणात हे अटळ होते. तरीही सभापर्वातील एक वस्तुस्थिती या संदर्भात विसरता येत नाही. धृतराष्ट्राने वर देऊ केल्यावर द्रौपदी आधी युधिष्ठिराची आणि मग शस्त्रांसह इतर चौघांची मुक्तता मागते. तिसरा वर ती नाकारते. बुडणाऱ्या पांडवांची ती नौका झाली, असे तेव्हा कर्णच म्हणतो. जिला नाथ नाही तीच नाथांची तारणहार होते. ही द्रौपदी केवळ दयेचा विषय होऊ शकत नाही. मित्र यांच्या संहितेतील प्रभावी स्थळे तीच आहेत, जेथे अश्रूंच्या जागी हा ताठपणा येतो.

भीमाचा आवाज

'युगान्त'मधील द्रौपदीवरील प्रकरणाचा शेवट असाधारण आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी कोसळते. अर्जुनावर तिचे अधिक प्रेम होते म्हणून ती पडली, असे सांगून युधिष्ठिर मागे न पाहता पुढे जातो. महाभारतातील प्रसंग एवढाच. इरावतीबाई येथे संशोधकाची शिस्त क्षणभर बाजूला ठेवतात आणि महाभारतात नसलेले काही लिहितात. मरणोन्मुख द्रौपदी आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहते. अर्जुनाने तिला जिंकले, पण मन दिले नाही. ज्याने सर्वस्व दिले तो भीम तिला तेव्हा उमगला नव्हता. जवळ थांबलेल्या भीमाला ती सांगते की, पुढच्या जन्मी तू सर्वांत थोरला हो. पुराव्याला धरून चालणाऱ्या ग्रंथातील ही उघड कल्पित जागा आहे. पंडितांनी तिच्यावर आक्षेप घेतला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु नाटककाराच्या कानाने नेमकी तीच जागा टिपली. शाओली मित्र यांचे नाट्य याच शेवटाकडे वाटचाल करते. विराटाच्या स्वयंपाकघरात रात्री भीमाला उठविणारी सैरंध्री, मुलांच्या वधानंतरची माता ही सर्व रूपे या अखेरच्या बोलण्यात येऊन मिळतात.

या नाट्याच्या संहितेला १९९१ मध्ये आनंद पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये रीटा दत्त यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 'फाइव्ह लॉर्ड्स, येट नन अ प्रोटेक्टर' या नावाने ग्रंथरूपात आला. मित्र यांना २००३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००९ मध्ये पद्मश्री हे सन्मान लाभले. पुढे 'कथा अमृतसमान'मध्ये त्या महाभारताच्या व्यापक पटाकडे वळल्या. त्या शीर्षकातील शब्द काशीराम दासांच्या बंगाली महाभारताशी नाते सांगतात. परंतु त्यांचे नाव उच्चारताच रसिकांना आठवते ती द्रौपदीच.

त्याचे एक कारण अखेरच्या प्रसंगात सापडते. निबंधात भीम द्रौपदीजवळ खरोखरच बसलेला आहे. वाचकाच्या मनात दोन व्यक्ती आहेत आणि म्हणून त्या मरणात थोडा दिलासा आहे. एकल प्रयोगात भीम येत नाही. तो बोलतो, पण ज्या कंठातून द्रौपदी बोलली त्याच कंठातून. आयुष्यभर जिने पाच जणांना हाका मारल्या, तिला शेवटी मिळणारा धीराचा शब्दही तिच्याच आवाजात मिळतो. इरावतीबाईंनी द्रौपदीला अखेरीस एक सोबती दिला होता. शाओली मित्र यांनी त्यांचेच शब्द घेऊन तो सोबती रंगमंचावर अदृश्य ठेवला.